सावली कुणाची?

सावली वस्तूची असते, असं आपण न तपासता मानून चालतो. ज्याची वस्तू त्याची सावली, त्यात विचार करण्यासारखं काय आहे? पण सकाळी दहाच्या उन्हात रस्त्यावरच्या विजेच्या खांबापाशी थांबून जमिनीकडे पाहावं. लोखंडी खांबाची सावली डांबरावर ठसठशीत पडलेली असते. वरून गेलेल्या तारांची मात्र जेमतेम फिकट रेघ दिसते, तीही मुद्दाम शोधली तर. तार काही काचेची नाही. आपल्या जाडीपुरतं ऊन तीही पुरतं अडवते. मग तिची सावली गेली कुठे? तारेकडे कितीही निरखून पाहिलं तरी उत्तर मिळत नाही, कारण उत्तर सूर्याकडे आहे. या लेखाचं म्हणणं तेवढंच आहे. सावलीची ढोबळ आकृती वस्तूकडून येते, हे मान्य. पण तिची कड, तिची लांबी, तिचा रंग आणि मुळात ती उमटणार की नाही, हे सगळं उजेड ठरवतो. त्यामुळे सावली नीट वाचली तर ती वस्तूपेक्षा उजेडाबद्दल कितीतरी जास्त सांगते.

तारेपासूनच सुरुवात करू. सूर्य हा बिंदू नाही, आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची थाळी आहे. तो आपल्यापासून त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट लांब आहे. याचा सरळ अर्थ असा की कुठलीही वस्तू आपल्या जाडीच्या १०७ पट अंतरापर्यंतच सूर्याला पुरतं झाकू शकते. एक सेंटिमीटर जाडीची तार जेमतेम एक मीटर अंतरापर्यंत खरी गडद सावली, म्हणजे प्रच्छाया, टाकते. जमीन तिच्यापासून सहा-सात मीटर खाली. तिथपर्यंत पोचेतो सूर्याच्या थाळीचा बराचसा भाग तारेच्या दोन्ही बाजूंनी डोकावू लागलेला असतो आणि उरते ती फक्त उपच्छायेची धूसर पट्टी. खांब वीसेक सेंटिमीटर जाड, म्हणून त्याची प्रच्छाया वीस मीटरच्याही पुढे टिकते. हाच हिशेब विमानाला लावला तर चार मीटर रुंदीच्या धडाची गडद सावली सव्वाचारशे मीटरच्या आसपास संपते. दहा किलोमीटर उंचीवरून जाणारं विमान आपल्या अंगणावर सावली का टाकत नाही, याचं कोडं मग उरत नाही. संध्याकाळी माणसाची स्वतःची लांबलचक सावली पाहिली तर हे सगळं एकाच चित्रात सापडतं: पायाशी ती कातरीने कापल्यासारखी रेखीव असते, गुडघ्यांपाशी मऊ होते आणि डोक्याकडे विरघळत जाते. माणूस तोच, सूर्य तोच, फक्त अंतर वाढलं आहे. त्या धूसर किनारीची रुंदी मोजून तिला अंतराने भागलं, तर हाती येणारा आकडा सूर्याच्या थाळीच्या रुंदीचा असतो. किनार नेमकी कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवणं अवघड, म्हणून उत्तर ढोबळ येईल; तरी लांबीची पट्टी सोडून काही लागलं नाही, हे विसरू नये.

जिथे कड ढोबळ उत्तर देते तिथे कवडसा नेमकं देतो. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली पडलेले उन्हाचे ठिपके गोल किंवा लंबगोल असतात. पानांमधल्या फटी मात्र वाकड्यातिकड्या, तिकोनी, फाटक्या, कशाही असतात. वेताच्या विणीतल्या चौकोनी भोकांतून येणारं ऊन गोल का पडतं, हा प्रश्न अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या प्रश्नसंग्रहात आहे. त्याचं समाधानकारक उत्तर केप्लरने १६०४ साली दिलं. फट पुरेशी लहान आणि जमीन पुरेशी लांब असली की जमिनीवर फटीचा आकार उमटत नाही, सूर्याचं चित्र उमटतं. म्हणजे झाडाखाली सूर्याची शेकडो चित्रं पसरलेली असतात आणि आपण ती तुडवत जातो. यातून दोन मापं निघतात. लंबगोलाच्या आखूड अक्षाला १०७ ने गुणलं की फट उन्हाच्या रेषेत किती लांब आहे ते कळतं. पाच सेंटिमीटरचा कवडसा सव्वापाच मीटरवरच्या पानांमधून आलेला असतो. आणि तो किती लांबट झाला आहे यावरून सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते कळतं. हे सगळं बरोबर आहे की नाही, याची परीक्षा निसर्ग स्वतःच घेतो. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी केरळ-तमिळनाडूच्या पट्ट्यात कंकणाकृती आणि महाराष्ट्रात खंडग्रास सूर्यग्रहण झालं. अशा ग्रहणात पानं होती तशीच राहतात, फटीही त्याच. पण झाडाखालचा एकूण एक कवडसा कोरीसारखा होतो. आकार फटीचा असता तर ग्रहणाचं त्याला काय?

इथे एक आक्षेप रास्तपणे येतो. सावली जर इतकी उजेडाची असेल, तर सावल्यांवर आख्खी कला उभी कशी राहते? कुडाळ तालुक्यातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे नाचवतात, आणि पडद्यासमोर बसलेल्याला राम कोण आणि रावण कोण हे क्षणात कळतं. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण त्या खेळाचं तंत्र पाहिलं तर आक्षेप उलट बाजूने बोलू लागतो. बाहुली पडद्याला जवळजवळ टेकवून धरली तरच तिचं नाक-डोळे-कोरीवकाम रेखीव उमटतं. ती मागे दिव्याकडे नेली की आकृती मोठी होते आणि कड सैल पडते. कलावंताचं निम्मं कसब दिवा, बाहुली आणि पडदा यांच्यातली अंतरं सांभाळण्यात आहे. वस्तूचा आकार सावलीत आपोआप येत नाही. उजेडाची मनमानी आवरली तर येतो.

दिवाळीच्या दिवसांत हे घराघरात तपासून पाहता येण्यासारखं आहे. पणतीची ज्योत बोटाच्या पेराएवढी, त्यामुळे भिंतीवर पडणारी तिची सावली कडक आणि काळी. आकाशकंदिलाचा पृष्ठभाग मोठा, म्हणून त्याच्या खाली हात धरला तर जमिनीवर फक्त मळकट डाग. समईच्या पाच वाती पेटल्या की एकाच वस्तूला पाच सावल्या, आणि त्या जिथे एकमेकींवर चढतात तिथे गडदपणाच्या पायऱ्या दिसतात. ट्यूबलाइट तर फारच बोलकी आहे. पेन्सिल नळीला समांतर धरली तर टेबलावर सावली ठळक पडते, आडवी फिरवली की फिकट होऊन जवळजवळ नाहीशी होते. लांबट उजेडाने लांबट खुणा करायच्या, हा त्याचा स्वभाव. पेन्सिल फिरवली एवढंच. तिच्यात दुसरा काही फरक झालेला नाही.

कडेकडून लांबीकडे वळलं की विषय एकदम मोठा होतो, कारण लांबी आपल्याला तारीख आणि ठिकाण सांगते. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. त्यामुळे इथल्या प्रत्येक गावावरून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावरून जातो आणि त्या मध्यान्ही उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशी गोळा होते. हा शून्य सावलीचा दिवस दक्षिण सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात येतो, मुंबई-पुण्याला त्या महिन्याच्या मध्यावर, आणि मे संपता संपता सातपुड्याच्या पायथ्याशी पोचतो. मग सूर्य परत फिरतो आणि जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उत्तरेकडून दक्षिणेकडे हाच प्रवास होतो. पण तेव्हा आकाशात ढग, म्हणून दुसरी फेरी सहसा कुणाच्या गावी नसते. या दोन तारखांच्या मधल्या काळात पुण्यात मध्यान्हीची सावली उत्तरेला न पडता दक्षिणेला पडते. आयुष्यभर पुण्यात राहिलेल्या कितीजणांना ही गोष्ट ठाऊक असेल, याची शंकाच आहे.

आपल्याकडच्या जुन्या ज्योतिर्गणिताला मात्र ती पक्की ठाऊक होती. 'सूर्यसिद्धान्ता'त बारा अंगुळांचा शंकू उभा करून त्याच्या सावलीवरून दिशा, काल आणि स्थान काढायची रीत आहे. विषुवदिनी मध्यान्ही त्या शंकूची जी सावली पडते तिला पलभा म्हणतात. पुण्याची पलभा चार अंगुळं, नागपूरची साडेचारच्या थोडी वर, कोल्हापूरची साडेतीनच्या जरा पुढे. हे आकडे म्हणजे त्या त्या गावाचे अक्षांशच, फक्त सावलीच्या भाषेत लिहिलेले. पूर्व-पश्चिम रेषा आखायचीही पद्धत अशीच होती: शंकूभोवती वर्तुळ काढायचं, सावलीचं टोक सकाळी वर्तुळात शिरतं आणि दुपारनंतर बाहेर पडतं त्या दोन जागा जोडायच्या. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात वेदीसाठी ती सांगितली आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'लीलावती'त छायाव्यवहार नावाचं स्वतंत्र प्रकरण घातलं आणि दिव्याची उंची सावलीवरून काढायची गणितं दिली. हे सांगताना 'आपल्याकडे सगळं होतंच' असा सूर लावायचा मोह आवरायला हवा. दुसऱ्या संस्कृतींनीही काठ्या रोवल्या आणि सावल्या मोजल्या. लक्षात घेण्यासारखं एवढंच की शंकूबद्दल त्या गणितात 'बारा अंगुळं' एवढीच माहिती लागते. बाकी सगळं सूर्य आणि पृथ्वी यांच्याबद्दल आहे.

मुंबईत सावली आणखी एक गोष्ट उघड करते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरची आहे आणि मुंबई त्याच्या जवळपास दहा अंश पश्चिमेला. म्हणून तिथली सर्वांत आखूड सावली घड्याळात बारा वाजता कधीच पडत नाही. ती सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी पडते. पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, त्यामुळे हा क्षणही वर्षभर हलत राहतो: नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून २२ मिनिटं, फेब्रुवारीच्या मध्याआधी १२ वाजून ५३ मिनिटं. १ जानेवारी १९०६ पासून देशात प्रमाणवेळ आली, तरी ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे असलेला 'बॉम्बे टाइम' शहरात पुढे कित्येक दशकं चालू राहिला. तो मोडला गेला कागदावर. मुंबईतल्या सावल्या अजून तोच पाळतात.

लांबी आणि दिशा यांच्याबद्दल महाराष्ट्रात सर्वांत जास्त गर्दी जमते ती कोल्हापूरला. अंबाबाईच्या पश्चिमाभिमुख मंदिरात मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. परंपरेने हा किरणोत्सव ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी असा मानला जातो. हे दोन गट सुटेसुटे वाटतात, पण दिनदर्शिका घेऊन मोजलं तर १० नोव्हेंबर हा २१ डिसेंबरच्या ४१ दिवस आधी आहे आणि १ फेब्रुवारी त्यानंतर ४२ दिवसांनी. म्हणजे सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागी मावळतो त्याच जागी परत येताना मावळतो. कोल्हापूरला ती जागा या दिवसांत पश्चिमेच्या सुमारे अठरा अंश दक्षिणेला असते. त्या काळात सूर्य दररोज स्वतःच्या रुंदीच्या निम्म्याहून थोडा जास्त सरकतो, म्हणून लांब, अरुंद वाटेतून तो थोडेच दिवस दिसावा हे ओघानंच येतं. उजेड आधी पायऱ्यांवर, मग चरणांवर, मग वर चढतो, याचंही कारण साधं आहे: सूर्य खाली जातो तशी किरणं आडवी होतात आणि दाराच्या वरच्या चौकटीची सावली वर सरकत जाते. भाविक ज्याला किरणांचं चढणं म्हणतात ते सावलीचं मागे हटणं आहे. श्रद्धेला यात बाधा येण्याचं कारण नाही. वाद होतो तो किरणं पोचली नाहीत त्या वर्षी. क्षितिजावरचे ढग, धूळ, दमट हवा आणि वाटेत उभ्या राहिलेल्या इमारती यांची नावं तेव्हा पुढे येतात. यातल्या पहिल्या तिघांवर कुणाचा इलाज नाही. चौथीची उंची मात्र मोजता येते, आणि अठरा अंशांच्या त्या रेषेवर किती मजले चालतील हे शालेय त्रिकोणमितीने सांगता येतं.

आता रंग. सावली काळी असते हा समज इतका घट्ट आहे की तो मोडायला आकडे द्यावे लागतात. निरभ्र दुपारी उघड्या जमिनीवर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. मोकळ्यावरच्या सावलीत तो दहा हजारांच्या वर राहतो. दिवे लावलेल्या कचेरीत तीनशे ते पाचशे लक्स असले तरी आपण तिला उजेडाची म्हणतो. म्हणजे ज्या सावलीत आपण 'अंधाऱ्या' जागी बसलो असं म्हणतो, ती कचेरीच्या वीसपट तरी उजळ असते. हा उजेड येतो आकाशाकडून, आणि आकाश निळं आहे. म्हणून उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवरची सावली निळसर असायलाच हवी. चित्रकारांना हे लिओनार्दोच्या काळापासून दिसत होतं, तरी एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या दृक्प्रत्ययवाद्यांनी निळ्या-जांभळ्या सावल्या रंगवल्या तेव्हा त्यांची टिंगल झाली.

यावरचा आक्षेप जुना आणि भक्कम आहे: रंगीत सावली हा मनाचा खेळ आहे. १७९४ साली काउंट रम्फर्डने रंगीत सावल्यांवर प्रयोग केले. सावलीचा तेवढाच तुकडा काळ्या केलेल्या नळीतून, आजूबाजूचं काही दिसणार नाही अशा रीतीने पाहिला, तर रंग जाणवेनासा झाला. गटेने १८१० च्या आपल्या रंगविषयक ग्रंथात अशा सावल्यांना मोठी जागा दिली, आणि त्याचं न्यूटनशी भांडण फसलं तरी शेजारचा रंग डोळ्याला फसवतो हे त्याचं निरीक्षण टिकलं. तेव्हा आक्षेप अर्धा मान्य करायला हवा. पण उरलेल्या अर्ध्याचा साक्षीदार कॅमेरा आहे. त्याला मन नाही. कॅमेऱ्याचं रंगसंतुलन 'ऊन' या खुणेवर अडकवून सावलीतला पांढरा सदरा टिपला तर तो निळसर येतो. म्हणून तर कॅमेऱ्यात सावलीसाठी निराळी खूण दिलेली असते. ज्याला दोन्ही बाजू एकदम पाहायच्या असतील त्याने लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास, खिडकीजवळ पांढऱ्या कागदावर एक उभी काडी ठेवावी आणि दुसऱ्या बाजूला पणती. काडीला दोन सावल्या पडतील. पणतीने टाकलेली आकाशाच्या उजेडात निळी दिसेल, आकाशाने टाकलेली पणतीच्या उजेडात नारिंगी. मग कागदाची सुरळी करून एकेक सावली वेगळी पाहावी, म्हणजे यात भौतिकी किती आणि मन किती ते ज्याचं त्याला ठरवता येईल.

इतकं सगळं उघड्यावर पडलेलं असताना ते दिसत कसं नाही? १९९५ साली एडवर्ड एडलसन यांनी केलेलं बुद्धिबळाच्या पटाचं चित्र आता बऱ्याच जणांनी पाहिलेलं असेल. त्यात उन्हातलं काळं घर आणि सावलीतलं पांढरं घर ही करड्या रंगाच्या तंतोतंत एकाच छटेत रंगवलेली आहेत, आणि हे सांगितल्यावरही डोळा ते मानत नाही. मेंदूला वस्तू ओळखायच्या असतात. सावली त्याच्या कामात अडथळा, म्हणून तो ती हिशेबातून वजा करतो. जगण्यासाठी हे सोयीचंच आहे. पण त्याचा परिणाम असा की सावली पाहणं ही उपजत गोष्ट उरत नाही, ती शिकावी लागते. डच खगोलशास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३७ पासून उघड्यावरच्या भौतिकीवर खंड लिहिले ते याच भरवशावर, की उपकरणांपेक्षा सवय महत्त्वाची. आणि हे काही पोरखेळ नव्हतं. मिन्नार्ट हे सूर्याच्या वर्णपटाचे नामवंत अभ्यासक होते.

माझ्या म्हणण्यात एक दुरुस्ती मात्र करायला हवी. उजेड आणि वस्तू यांच्याखेरीज तिसरा पक्ष आहे, तो म्हणजे पडदा. स्वच्छ खोल विहिरीच्या पाण्यावर काठाच्या झाडाचं प्रतिबिंब दिसतं, सावली सहसा दिसत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ कृष्णेवर नावेची सावली ठळक पडते, कारण पाण्यातली माती उजेड परतवते. धुकं हाही असाच पडदा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उन्हाकडे पाठ करून दरीतल्या ढगाकडे पाहिलं की कधी कधी आपल्या सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं, तेच इंद्रवज्र. कर्नल साईक्स यांनी १८३५ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. गंमत म्हणजे दहा माणसं शेजारी उभी असली तरी प्रत्येकाला ते कडं फक्त स्वतःच्या डोक्याभोवती दिसतं. एवढ्यावरून कुणी स्वतःला अवतारी समजू नये. थेंब उजेड जवळजवळ आल्या वाटेनेच परत पाठवतात, म्हणून तो पाहणाऱ्याच्याच डोळ्यांकडे येतो.

राहिला शेवटचा आक्षेप: घड्याळ, नकाशा आणि कॅमेरा खिशात असताना हे कशासाठी? ज्ञानाचा आनंद वगैरे उत्तर देता येईल, पण ज्याला ते पटतं त्याला मुळात प्रश्न पडत नाही. म्हणून गच्चीवरचं उत्तर देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून घरोघरी सौर पॅनेल बसू लागली आहेत. पॅनेलमधले घट एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका कोपऱ्यावर पडलेली सावली त्या कोपऱ्यापुरती राहत नाही. सगळ्या साखळीचा प्रवाह ती खाली ओढते. त्यात बसवलेले डायोड थोडं नुकसान वाचवतात, सगळं नाही. आता पुण्यातल्या गच्चीवर दोन मीटर उंचीची पाण्याची टाकी धरा. २१ जूनच्या मध्यान्ही तिची सावली दक्षिणेला, वीतभरसुद्धा नाही. २२ डिसेंबरच्या मध्यान्ही तीच सावली उत्तरेला १.८ मीटर, आणि त्या दिवशी सकाळी नऊला वायव्येकडे साडेचार मीटरच्या पुढे. उन्हाळ्यात पाहणी करून टाकीच्या उत्तरेला बसवलेलं पॅनेल हिवाळ्यात कमी वीज का देतं, याचं कारण यंत्रात शोधण्यात अर्थ नाही. तेव्हा पॅनेल बसवायचा विचार असेल तर मे महिन्यातल्या दुपारच्या पाहणीवर थांबू नका. २२ डिसेंबरच्या आसपास सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि चार वाजता गच्चीवर जा, टाकी, जिना आणि कठडा यांच्या सावल्यांची टोकं खडूने आखा, आणि कंत्राटदाराला त्या रेघांच्या बाहेर काम करायला सांगा.